ऐकण्याची काठी

रात्री दीडनंतर शहर पाणी पीत नाही.
तेव्हा आम्ही निघायचो बारा बंगल्याहून,
मी व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून
आणि गायधनी त्यांची काठी घेऊन.
पाच फुटी सळई, वरच्या टोकाला शिसवी वाटी.
वाटी कानाला, टोक रस्त्याला,
आणि डोळे मिटायचे.
चार फूट मातीखाली पाणी कुठं सुटतंय
ते हा माणूस खडूनं फुली मारून सांगायचा.
फुलीवर खणायचो. वीतभरही चूक नाही.

मूळ पळशाचे. नेव्हीतनं आलेले.
समुद्र पाहिलेला माणूस नाशकात काय करतो, विचारलं,
तर म्हणाले, समुद्र पाहिला कुठं मी?
पाठीमागे बसायचो, खिडकी तळहाताएवढी.
ऐकला फक्त.

जहाजावरनं उडायचं त्यांचं विमान,
तिघांचं, एरवी पंख दुमडून उभं राहणारं,
पोटातून रडारचं घमेलं खाली सोडणारं.
वाफेचा एक रट्टा बसायचा पाठीत
आणि डेक संपलेला असायचा.
मग चार तास काळं पाणी विंचरत जायचं,
मधूनमधून खाली टाकायचे बोये.
प्रत्येकाच्या पोटातून तारेला टांगलेला एक कान
खोल उतरायचा,
तो ऐकेल ते वर यांच्या कानात.

"काय ऐकू यायचं?"
"कोळंबी."
मी हसलो. ते नाही हसले.
"तडतडते रे ती, तेलातल्या मोहरीसारखी, रात्रभर.
ती बाजूला सारायची. मग लाटा सारायच्या.
आपल्याच जहाजाची घरघर, तीही.
उरेल ती पाणबुडी.
बहुतेकदा काहीच उरत नाही."

परतताना म्हणे जहाज दिसायचं
रामकुंडात कुणी द्रोणात दिवा सोडावा तेवढं,
तसंच डुलणारं.
हे पायलट मस्करेन्हस सांगायचा,
यांना नुसता झटका कळायचा,
शेपटीचा आकडा तारेत अडकल्याचा.
नाही अडकला, तर पुन्हा वर.

एका मार्चात, दहीपुलाच्या उतारावर,
सळई टेकवली आणि ते उठेचनात.
बोटं मांडीवर हलत होती: एक दोन तीन चार, एक दोन तीन चार.
"गळती नाही. पंखा आहे. चार पात्यांचा.
कुणीतरी मोटार लावलीय लाइनवर."
त्या उन्हाळ्यात मोटार सापडली की जप्ती, केस,
पेपरात नाव.
आवाजामागं गेलो बोळातनं,
दर दहा पावलांना सळई.
शेवटी एक दार, फटीत पिवळा उजेड,
आत कुणी मुलगी दबक्या आवाजात हंडे मोजत होती:
सहा, सात.
आठव्याला मोटार बंद झाली.

मी वही काढली. गायधनींनी खडू खिशात टाकला.
"लिही, पाइपात हवा."
"हवा?"
"हवा."

अशोकस्तंभावर चहाच्या गाडीशी
आपणहून बोलले.
एकदा अकरा मिनिटं पाती ऐकली होती त्यांनी.
संथ. घाबरलेली वाटली म्हणे,
आता पाती कशी घाबरतील.
पुढच्यानं विचारलं, काय आहे रे?
आणि यांनी नोंदवहीत लिहिलं: देवमासा.
"असेल की देवमासा," मी म्हणालो.
"देवमाशाला पाती नसतात."
बशीतला चहा फुंकत राहिले, निवला तरी.

युद्ध होतं का तेव्हा, कुणाची होती ती,
पुढं जाऊन तिनं काय केलं, की काहीच नाही,
विचारायचं राहिलं.
खरं म्हणजे धजलो नाही.

आता मशीन आलंय. पडद्यावर रेघ नाचते,
गळती असेल तिथं लाल होते.
काठी माझ्याकडे आहे.
कधी गंगापूर धरणावर रात्रपाळी लागली
तर तिचं टोक पाण्यात सोडतो, वाटी कानाला.
वारा बाजूला सारतो.
पंपाची घरघर बाजूला सारतो.
स्वतःचा श्वास सारता येत नाही अजून.